शीना रिंगो यांचा बदलता साज

जपानी रॉक संगीताच्या चाहत्यांमध्ये गेली वीसहून अधिक वर्षे एक वाद धगधगत आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी शीना रिंगो ही गायिका आहे. 1978 मध्ये जन्मलेल्या व फुकुओका शहरात वाढलेल्या रिंगो यांची खरी प्रतिभा पहिल्या दोन अल्बमांत दिसते की त्यानंतरच्या प्रयोगांत, या प्रश्नावर त्यांच्या श्रोत्यांचे सरळ दोन तट पडलेले आहेत.

पहिला तट ज्या अल्बमांवर जीव टाकतो ते म्हणजे 1999 मधील 'मुझाई मोराटोरियम' आणि 2000 मधील 'शोसो स्ट्रिप', ज्याच्या 20 लाखांहून अधिक प्रती खपल्या. या दोन्हींत डिस्टॉर्शनचा, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा स्वर मुद्दाम फाटका व खरखरीत करण्याच्या तंत्राचा, मुक्तहस्ते वापर आहे. रिंगो यांचा ताणलेला, ओरखडे काढणारा आवाज त्यावर स्वार होतो. 'होन्नो' या गीताच्या चित्रफितीत परिचारिकेच्या वेषात काचा फोडणारी त्यांची प्रतिमा तर त्या काळाची खूणच ठरली. गीते व चाली रिंगो यांच्या असल्या, तरी कोणते वाद्य कोठे आणि कसे वाजावे हे ठरवण्याचे काम, ज्याला संगीत-संयोजन म्हणतात, ते प्रामुख्याने बासवादक कामेदा सेजी यांनी केले होते. मात्र याच पहिल्या अल्बममधील 'मारुनोउची सॅडिस्टिक' हे गीत पियानोच्या आधाराने जॅझच्या अंगाने डोलत जाते, याकडे गिटारप्रेमी चाहते सहसा काणाडोळा करतात.

2003 मध्ये रिंगो यांचा स्वरचित गीतांचा तिसरा अल्बम, 'कारुकी झामेन कुरी नो हाना', आला आणि वादाला तोंड फुटले. कोतो या जपानी तारवाद्यापासून वाद्यवृंदापर्यंत अनेक ध्वनींचे थर त्यात एकावर एक चढवलेले असल्याने, आधीच्या गीतांतील थेट आघाताला सरावलेल्या श्रोत्यांना तो परका वाटला आणि आपली गायिका हरवल्याची त्यांची खंत खोटी नव्हती. पण हा अल्बम बारकाईने पाहिला की त्याची रचना थक्क करते. त्यातील 11 गीतांची शीर्षके मधल्या गीताभोवती आरशातल्यासारखी जुळवलेली आहेत : पहिल्याचे नाव 'धर्म' तर शेवटच्याचे 'अंत्ययात्रा', दुसऱ्याचे 'डोपेलगँगर' म्हणजे माणसाचे हुबेहूब दुसरे रूप, तर शेवटून दुसऱ्याचे 'पोल्टरगाइस्ट' म्हणजे घरात आदळआपट करणारे भूत, आणि या साऱ्यांच्या मधोमध 'देठ'. अल्बमची एकूण लांबी आहे 44 मिनिटे 44 सेकंद.

आता गंमत अशी की, ज्या 'शोसो स्ट्रिप'चा दाखला देऊन तिसऱ्या अल्बमला नावे ठेवली जातात, त्याची लांबी 55 मिनिटे 55 सेकंद आहे, त्यातील 13 गीतेही अशीच समोरासमोर मांडलेली आहेत आणि पहिल्या व शेवटच्या शीर्षकांत अनुक्रमे खोटे बोलण्याच्या व व्यसनाच्या व्याधीचे नाव आहे. बदलला तो साज. बांधणीचा ध्यास आधीपासून होताच. त्यामुळे 2003 मध्ये रिंगो यांनी स्वतःशी फारकत घेतली, हे मत टिकणारे नाही.

खरी फारकत शोधायची असेल तर ती त्यांच्या 'तोक्यो जिहेन' या बँडमध्ये शोधावी. 2004 मध्ये पहिला अल्बम काढणाऱ्या या बँडमध्ये कामेदा पुन्हा त्यांच्या सोबतीला होते, पण 2007 च्या 'व्हरायटी' या अल्बममध्ये रिंगो यांनी केवळ शब्द लिहिले आणि चाली बांधण्याचे काम सहकाऱ्यांवर सोपवले. ज्या चालींवर त्यांची ओळख उभी होती त्या दुसऱ्यांच्या हाती देणे हे गिटारचा खरखरीतपणा कमी करण्याहून कितीतरी मोठे पाऊल होते, तरीही चाहत्यांच्या वादात त्याला दुय्यम स्थान मिळते. बँड 2012 मध्ये विसर्जित झाला आणि 2020 मध्ये पुन्हा उभा राहिला.

दरम्यान त्यांचे स्वतंत्र अल्बमही येत राहिले. 2019 च्या 'सानदोकुशी'चे शीर्षक बौद्ध विचारातील तीन विषांवरून, म्हणजे मराठी वाचकालाही ओळखीच्या असलेल्या राग, द्वेष व मोह यांवरून घेतलेले आहे आणि त्याही अल्बममध्ये शीर्षकांची तीच आरशासारखी मांडणी आढळते.

एकच चाल नव्या साजात पुन्हा मांडण्याची रिंगो यांची सवय या वादावर सर्वांत चांगला प्रकाश टाकते. तिसऱ्या अल्बममधील 'मेइसाई' हे गीत त्यांनी 2007 मध्ये व्हायोलिनवादक साइतो नेको यांच्यासह केलेल्या 'हेइसेई फूझोकु'मध्ये नव्या संयोजनासह आणले. ज्यांना या वादात स्वतःचे मत बनवायचे असेल, त्यांनी ही दोन्ही रूपे लागोपाठ ऐकावीत आणि मग 'शोसो स्ट्रिप' व 'कारुकी झामेन कुरी नो हाना' हे दोन्ही अल्बम, गीतांचा क्रम न मोडता, पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकावेत.