आठवड्यातून एकच मेसेज

पश्चिम केनियातल्या चुलाइम्बो इथल्या ग्रामीण आरोग्य केंद्रात एक प्रयोग झाला. एचआयव्हीच्या गोळ्या नुकत्याच सुरू केलेले 431 रुग्ण त्यात होते. या आजारात गोळ्यांमध्ये खंड पडला, की विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. म्हणून काही रुग्णांना मोबाइलवर रोज आठवण करायची, काहींना आठवड्यातून एकदा आणि काहींना अजिबात नाही, असं ठरलं. गोळ्यांच्या बाटलीचं झाकण ती कधी उघडली याची आपोआप नोंद ठेवत होतं, त्यामुळे ‘घेतली हो गोळी’ या तोंडी उत्तरावर भिस्त नव्हती.

48 आठवड्यांनी हिशेब झाला. मेसेज न मिळालेल्यांपैकी 40 टक्के रुग्णांनी निदान 90 टक्के गोळ्या घेतल्या होत्या. आठवड्याला मेसेज मिळणाऱ्यांत हे प्रमाण 53 टक्क्यांवर गेलं. रोज मेसेज मिळणाऱ्यांत मात्र म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. धीराचे चार शब्द घातलेले लांब मेसेजही छोट्या मेसेजपेक्षा सरस ठरले नाहीत. 2011 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

मला यातलं रोजच्या मेसेजचं अपयश फार मोलाचं वाटतं. गोळी का घ्यायची हे त्या रुग्णांना ठाऊक होतं, घ्यायची इच्छाही होती. पण घर, शेत, मुलं, पैशांची ओढाताण या सगळ्यांत लक्ष वाटलं जातं, आणि रोज त्याच वेळी वाजणारा फोन हळूहळू त्या गलबल्याचाच भाग होतो. माहिती वाढली की लक्षाचा तुटवडा पडतो, हे अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी 1971 मध्येच मांडलं होतं. तेव्हा खिशात फोन नव्हते.

लक्षाची ही मर्यादा पैशाच्या आमिषालाही लागू पडते. बोलिव्हिया, पेरू आणि फिलिपिन्समध्ये बचत खातेदारांना आठवणीचे संदेश पाठवले गेले, तेव्हा बचत सुमारे 6 टक्क्यांनी वाढली. ज्या संदेशांत बचत कशासाठी आणि ती केली तर बँक काय देणार, या दोन्हींचा उल्लेख होता, ते विशेष परिणामकारक ठरले. म्हणजे जाहीर केलेलं बक्षीससुद्धा ऐन वेळी कुणी डोळ्यांसमोर आणून द्यावं लागतं.

राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातल्या लसीकरणाचा अनुभव याच अंगाने वाचावा. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या या अभ्यासात, नेहमीची व्यवस्था असलेल्या गावांत जेमतेम 6 टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण झालं होतं. दरमहा नेमाने शिबिर भरवल्यावर आकडा 18 टक्क्यांवर गेला. शिबिरासोबत दर लशीला एक किलो डाळ आणि सगळे डोस पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला, तेव्हा 39 टक्क्यांवर. किलोभर डाळीने लशीबद्दलचं कुणाचं मत बदललं असेल, असं मला वाटत नाही. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणाऱ्या आईला आजच निघायला त्या डाळीने कारण दिलं. शिवाय डाळ वाटूनही दर मुलामागचा खर्च जवळपास निम्म्यावर आला, कारण नर्सच्या त्याच एका दिवसात कितीतरी जास्त मुलं येऊ लागली.

आपल्याकडे हे आठवण करण्याचं काम आशाताई करतात. बाळाचा पुढचा डोस कधी, हे त्या दारात येऊन सांगतात, आणि ओळखीच्या माणसाचं बोलणं मेसेजसारखं अंगठ्याने सरकवून देता येत नाही. पण त्यांच्या मोबदल्याचाही काही भाग कामागणिक ठरतो, आणि त्या कामांची यादी लांबच लांब आहे: गरोदर बायांची नोंद, बाळंतपण, लसीकरण, क्षयरोगाची औषधं, शिवाय सर्वेक्षणं. यादीत नवं काम आणि त्याचा नवा दर घालताना आधीच्या कुठल्या कामावरून त्यांचं लक्ष उडेल, हा प्रश्न योजना आखणाऱ्यांनी त्याच बैठकीत विचारला पाहिजे.