बुद्ध लेणीची सोपी फेरी आणि पायऱ्यांवर लागणारा दम

दरवर्षी १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, आमच्या राजूरहून अनेक बाया-माणसे औरंगाबादला जातात. विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर नतमस्तक होतात, पुस्तकांच्या स्टॉलवर फिरतात आणि संध्याकाळच्या एसटीने परत येतात. त्याच विद्यापीठामागच्या डोंगरात बुद्ध लेणी आहेत. तिथवर मात्र थोड्याच जणी जातात. "गुडघे दुखतात, दम लागतो," हेच उत्तर आम्हाला ऐकायला मिळते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर त्या फेरीची वाट सांगतो आणि त्या दमाविषयीही बोलतो.

जालना मार्गे औरंगाबादला उतरावे आणि बीबी-का-मकबऱ्याच्या रस्त्याने रिक्षा करून लेण्यांच्या पायथ्याशी जावे. पहिली पाच लेणी पश्चिमेच्या गटात आहेत, सहा ते नऊ पूर्वेच्या गटात. दोन्हींत साधारण एक किलोमीटरचे अंतर आहे. सकाळी आधी पश्चिमेच्या पायऱ्या चढाव्यात, खाली उतरून रस्त्याने पूर्वेकडे चालावे, तिकडची लेणी पाहून पुन्हा पायथ्याशी यावे. निवांत फिरले तर अर्धा दिवस पुरतो. त्यापलीकडची लेणी या फेरीत धरू नयेत. थंडीचे महिने उत्तम. एप्रिल-मेच्या उन्हात जाऊच नये.

चौथे लेणे चैत्यगृह आहे. चढून आल्यावर तिथे स्तूपासमोर दहा मिनिटे शांत बसावे, दम खाली बसतो. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून, हात जोडून बसलेली स्त्री-पुरुषांची रांग आहे. सातव्या लेण्याच्या दाराशी आठ संकटे कोरली आहेत: आग, तलवार, बेड्या, बुडते जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू. त्या काळच्या वाटसरूंची ती भीती होती. आमच्या बायांची संकटे दिसत नाहीत. ती रक्तात आणि रक्तदाबात लपलेली असतात.

"दिवसभर शेतात राबतो, आम्हाला वेगळे चालायचे कशाला?" असे भगिनी विचारतात. प्रश्न रास्त आहे. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालण्याचा सल्ला मुख्यतः बसून काम करणाऱ्यांना लागू पडतो. कापूस वेचणारीला व्यायाम कमी पडत नाही, तिला कमी पडतो तो आराम, सकस जेवण आणि तपासणी. तिच्यासाठी ही फेरी म्हणजे पाठ सरळ करून, ओझे न घेता, मैत्रिणींसोबत चालणे.

चढताना सोबतिणीशी बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की थांबावे. बरोबरीच्या बाया सहज चढतात आणि एखादी दर दहा पायऱ्यांवर थांबते, तर ते वयावर ढकलू नये. हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि साखर तपासावी. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. रक्तदाब पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला तर डॉक्टरांना दाखवावे. छातीत दाब, हात किंवा जबडा दुखणे, गार घाम अशी लक्षणे दिसली तर तिथेच बसवावे आणि १०८ ला फोन करावा. "गॅस असेल" म्हणून वेळ घालवू नये.

आणखी एक गोष्ट आम्ही प्रत्येक सहलीत पाहतो. वाटेत बाथरूमची सोय नाही म्हणून बाया सकाळपासून पाणी पीत नाहीत. लघवी लागेल म्हणून बीपीची गोळीही टाळतात. दोन्ही धोक्याचे आहे. त्यामुळे निघण्याआधीच बसस्थानकावर आणि पायथ्याशी थांबायची वेळ ठरवून घ्यावी. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणारीने उपाशी निघू नये, पिशवीत साखर ठेवावी, बंद बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली भरून घ्यावी, चमचा चहाचा. जुलाब झाले तर हे पाणी कामी येते. मात्र साखर किंवा बीपी असलेल्यांनी ते रोजच्यासारखे पिऊ नये, त्यांनी साधे पाणी प्यावे.

लेण्यात मेणबत्ती, अगरबत्ती लावू नये. काजळीने शिल्पे खराब होतात, आणि कड्यावर मोहोळ असेल तर धुराने माश्या उठतात. वंदना मनातही होते.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी सगळ्यांनी मिळून जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्यावी. जिला चढता येणार नाही तिला घरी ठेवू नये. तिने पायथ्याशी बसावे आणि एकीने तिच्यासोबत थांबावे. सोमवारी तिला दवाखान्यात नेतानाही तीच सोबत असावी.