हजेरीचे गाणे : औंध-मिरजेच्या संगीतोत्सवांचा मागोवा

पलूस गावाची ओळख आज द्राक्षबागांची, उसाच्या फडांची आणि कारखानदारीची असली, तरी हिंदुस्थानच्या संगीताच्या इतिहासात हे नाव ज्या पुरुषामुळे अजरामर झाले, त्या विष्णु दिगंबर पलुसकरांचे मूळ उपनाव गाडगीळ, जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडास, विद्याभ्यास मिरजेस, कर्तृत्व लाहोरास व मुंबईस आणि देहावसान पुन्हा मिरजेस; म्हणजे पलूसच्या वाट्याला काय आले, तर केवळ आडनाव. तेवढ्यावर गाव संतुष्ट आहे, एका विद्यालयाला त्यांचे नाव देऊन मोकळेही झाले आहे. आणि त्याबद्दल गावाला बोल लावण्याचे कारण नाही, कारण गवयाला गावात ठेवून घेण्याइतकी ऐपत त्या काळी संस्थानिकावाचून कोणाची होती? तथापि पलुसापासून दक्षिणेस मिरज आणि उत्तरेस औंध ही दोन ठिकाणे एका दिवसाच्या प्रवासाच्या आत आहेत, आणि या दोन्ही ठिकाणी गेल्या आठाहून अधिक दशकांत जे संगीतोत्सव चालत आले, त्यांचा मागोवा पलूसच्या पारावर बसून घेण्यात एक प्रकारचे औचित्य आहे. कारण पलुसकरांनी जे मोडले आणि जे उभारले, त्या दोहोंच्या मधली जागा या उत्सवांनी राखली.

मोडली ती दरबारी गवयाची लाचारी. विष्णु दिगंबरांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी तरुणपणी घरदार सोडून ग्वाल्हेर गाठले, वासुदेवबुवा जोश्यांची सेवा करून तिथली गायकी आत्मसात केली आणि महाराष्ट्रात आणली, हे सर्वश्रुत आहे. पण एवढ्या थोर विद्येच्या धन्यालाही आयुष्यभर या ना त्या संस्थानच्या तैनातीत राहावे लागले, हे आपण फारसे बोलून दाखवत नाही. मिरजेच्या एका समारंभास शिष्याला निमंत्रण आले आणि गुरूला मात्र, ‘तो तर गवई’ म्हणून वगळण्यात आले, अशी हकीकत विष्णु दिगंबरांच्या चरित्रांतून सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, १८९६ साली मिरजेच्या पटवर्धन सरकारांचा आश्रय सोडून ते बाहेर पडले ते या शल्यासह, याविषयी संशय नाही. पुढे काठेवाडच्या दौऱ्यात त्यांनी तिकीट लावून जाहीर गाणे केले, ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय स्थापिले, १९०८ मध्ये मुंबईस शाखा काढली, आणि बिदागीच्या जागी फी, मर्जीच्या जागी वेळापत्रक व दिवाणखान्याच्या जागी सभागृह आणून गवयास प्रतिष्ठित नागरिकाच्या पंक्तीस बसविले. या उलाढालीत ते कर्जबाजारी झाले, मुंबईची इमारत हातची गेली, आणि अखेरच्या वर्षांत तंबोऱ्यापेक्षा रामनामच अधिक जवळचे झाले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी ते निवर्तले तेव्हा ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, देवधर अशी शिष्यमंडळी देशभर पसरलेली होती.

परंतु तिकिटाने जे मिळाले, त्याबरोबर काही गेलेही. तिकीट काढणारा श्रोता ठराविक वेळी येतो, ठराविक वेळी उठतो आणि पैशाच्या मोबदल्यात रंजनाची अपेक्षा करतो. देवापुढे, समाधीपुढे अथवा कबरीपुढे जे गाणे होते, त्यात गवई आणि श्रोता दोघेही तिसऱ्याच कोणाच्या दारी आलेले असतात. खुद्द विष्णु दिगंबरांना हे ठाऊक नव्हते असे नाही. पंजाबात जालंधरला बाबा हरिवल्लभांनी आपल्या गुरूच्या समाधीपाशी १८७५ पासून चालविलेल्या संगीतमेळ्याशी त्यांचा निकट संबंध होता. त्याच तऱ्हेचा मेळा आपल्या माणदेशाच्या कडेला, डोंगरावरच्या यमाईदेवीच्या पायथ्याशी, औंधास, १९४० साली सुरू झाला.

औंध हे संस्थान मुलुखाने लहान आणि तेही सलग नव्हे. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे आणि कुंडल तिसरीकडे. पलूसच्या वाचकाला हे सांगावयास नको, कारण त्याच कुंडलच्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंधचे हे राजे, भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि कीर्तनाचे भोक्तेच नव्हे तर कीर्तनकारही. १९३८ मध्ये त्यांनी चित्रसंग्रहालय उभारले आणि १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने रयतेला राज्यघटना देऊन स्वतःचे अधिकार खुशीने कमी करून घेतले. अशा राजाच्या पदरी अंतुबुवा जोशी दरबार-गायक होते. अनंत मनोहर जोशी, किन्हईचे, जन्म १८८१, बाळकृष्णबुवांचे शिष्य, म्हणजे विष्णु दिगंबरांचे गुरुबंधू. दोघांची गुरुपरंपरा एक, मात्र वाटा निराळ्या. एकाने सारा देश आपली पेठ मानली. दुसऱ्याने मुंबईत गिरगावास विद्यालय चालवून शेवटी आपल्या आध्यात्मिक गुरूंच्या, शिवानंदस्वामींच्या, पुण्यतिथीस औंधच्या दत्तमंदिरात वर्षातून एकदा गाणे करावे एवढाच संकल्प सोडला.

संकल्प लहान असला की टिकतो, असे म्हणण्याचा मोह होतो. पण या उत्सवाच्या टिकण्याचे कारण याहून व्यावहारिक आहे. तो उत्सव राजाचा नव्हता. दरबारी गवयाने सुरू केलेला असूनही तो दरबारच्या दफ्तरात खर्ची पडणारा मामूल नव्हता. एका शिष्याचे आपल्या गुरूशी असलेले ते खाजगी देणे होते. म्हणून ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले, तैनाती संपल्या, वर्षासने आटली, भवानराव १९५१ मध्ये वारले आणि आजूबाजूच्या कित्येक संस्थानांतील नवरात्रीची, दसऱ्याची, गणपतीची गाणी बघता बघता बंद पडली, तेव्हाही औंधचे गाणे थांबले नाही. कारण ज्याच्या खजिन्यावर ते अवलंबून असावयास हवे होते, त्याच्या खजिन्यावर ते कधी अवलंबूनच नव्हते. संस्थानिकांच्या रसिकतेचे गोडवे गाण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि भवानरावांसारख्याच्या बाबतीत ती सार्थही आहे. तरीपण आश्रयापेक्षा व्रत दीर्घायुषी ठरले, हे या प्रकरणी कबूल केले पाहिजे.

अंतुबुवांना १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला आणि १९६७ मध्ये ते वारले. पुढचा भार त्यांचे चिरंजीव गजाननबुवा यांच्यावर आला, आणि येथे या उत्सवाच्या इतिहासातला सर्वांत समृद्ध भाग सुरू होतो. गजाननबुवांचा जन्म १९११ चा. वडिलांकडून ग्वाल्हेरची तालीम घेतल्यावर एका घराण्याच्या कुंपणात न राहता रामकृष्णबुवा वझे, जयपूरचे भूर्जी खाँ आणि आग्र्याचे विलायत हुसेन खाँ यांच्यापुढे ते शिष्यभावाने बसले. त्या पिढीत घराण्याचा अभिमान हा कुलाभिमानाइतकाच कडवा असताना हे धाडस सामान्य नव्हे. शिवाय व्हायोलिन. विलायती वाद्यावर ख्यालाची बढत, लयीची अवघड वळणे आणि बोलतानेचा ठोसकपणा त्यांनी असा बसविला की गायक मोठा की वादक मोठा, हा वाद रसिकांत शेवटपर्यंत चालू राहिला. (व्यक्तिशः विचाराल तर गायक, व्हायोलिनवर त्यांनी जे केले, ते गळ्यातून निघालेलेच होते.) मानमरातबाविषयी उदासीन, शिकविण्यात निष्ठुर आणि स्तुतीच्या बाबतीत कृपण असा हा मनुष्य दरसाल औंधास येऊन वडिलांच्या गुरूपुढे हजेरी लावीत असे, आणि त्यांचे शिष्य म्हणून पुढे नावारूपास आलेले उल्हास कशाळकर, अरुण कशाळकर, पद्मा तळवलकर यांच्यासारखे गायक या एकाच झाडाच्या फांद्या होत. १९८१ साली शिवानंदस्वामी संगीत प्रतिष्ठान स्थापन झाले व व्रताला संस्थेचे रूप आले. गजाननबुवा १९८७ मध्ये वारले, पण उत्सव चालू राहिला आणि आता त्याने ऐंशीहून अधिक वर्षे पुरी केली आहेत.

मिरजेची गोष्ट वेगळ्या धर्माची, पण त्याच जातीची आहे. ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यावर अब्दुल करीम खाँसाहेबांची श्रद्धा जडली ती प्लेगच्या दुखण्यातून येथे ते बचावले म्हणून, असे सांगतात. जन्माने किराण्याचे, वृत्तीने फकीर, पुण्यास १९१३ मध्ये आर्य संगीत विद्यालय काढणारे हे खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले आणि उरुसाच्या दिवसांत दर्ग्यात नेमाने गाऊ लागले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासकडील प्रवासात सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्थानकावर त्यांना मृत्यूने गाठले. देह मिरजेस आणून त्याच दर्ग्याच्या आवारात दफन केला. तेव्हापासून उरुसातले गाणे हे पीराची हजेरी आणि खाँसाहेबांचे स्मरण अशा दुहेरी नात्याचे झाले. दर्ग्याच्या चिंचेखाली बसून गाण्यास मानधन मागायचे नाही, हा दस्तूर. किराणा घराण्याची बहुतेक थोर माणसे या ना त्या वर्षी येथे नतमस्तक झाली; हिराबाई बडोदेकर तर १९०५ मध्ये जन्मल्याच मिरजेत, आणि हुबळीच्या गंगूबाई हनगलांसारख्या बाईंना मिरज म्हणजे गुरूच्या गुरूचे घर. खाँसाहेबांच्या तालमीतल्या रोशनआरा बेगम मात्र फाळणीनंतर सरहद्दीपलीकडे गेल्या.

मिरजेचे नाव घेण्यास आणखी एक कारण आहे, ज्यावाचून औंधचे गाणेही सुरू व्हावयाचे नाही. एके काळी हत्यारे घडविणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून येथे एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडू लागली; पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे आणून, त्यांवर तुणीच्या लाकडाची दांडी चढवून, घोडीवर जवारी अशी घासतात की एका तारेतून दोन स्वर ऐकू यावेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कागद मिळाला हे चांगलेच. पण इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या डबीने जी मागणी खाल्ली, ती कागदाने परत येईल असे कारागिरांपैकी कोणी मानत असेल असे वाटत नाही.

बाजार आणि व्रत यांच्यामधला हा पेच एकट्या आपल्याच नशिबी आला आहे, असेही नाही. स्पेन देशाच्या दक्षिणेस, अंदालुसिया प्रांतात, जिप्सी लोकांच्या घरांतून व वस्त्यांतून वाढलेले फ्लामेंको नामक गाणे विसाव्या शतकाच्या आरंभी दारूच्या गुत्त्यांत व नाटकगृहांत जाऊन बाजारी झाले, अशी हळहळ वाटून मान्युएल दे फाया हा संगीतकार व लोर्का हा तरुण कवी यांनी जून १९२२ मध्ये ग्रानाडाच्या अलहम्ब्रा किल्ल्यात गायनस्पर्धा भरविली आणि तीत धंदेवाईक गायकांना भाग घेण्यास मज्जाव केला. बक्षिसांचे मानकरी ठरले ते सत्तरी ओलांडलेला दिएगो बेर्मुदेस आणि मानोलो काराकोल नावाचा अवघा बारा-तेरा वर्षांचा पोर. गंमत अशी की पोर पुढे त्याच धंद्याचा नामांकित राजा झाला. स्पर्धा पुन्हा तशी भरली नाही. परंतु उत्रेरा नावाच्या गावी जिप्सींच्या एका धार्मिक बंधुमंडळाने १९५७ मध्ये उसळीच्या सहभोजनाभोवती जे गाणे सुरू केले, ते अद्याप दरसाल होते आणि फ्लामेंकोच्या उत्सवांत सर्वांत जुने गणले जाते. विद्वानांची चळवळ एका उन्हाळ्यात संपली, पंगतीचा उत्सव टिकला. औंधचा महाप्रसाद ज्याने खाल्ला आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही.

राहिला प्रश्न काळाचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले आणि शहरांतील मोठे महोत्सव रात्री दहाच्या आत आवरू लागले. परिणामी सायंकाळच्या चार-पाच रागांवर सारे संगीत येऊन ठेपले, आणि सारंग, भीमपलास, मुलतानी किंवा उत्तररात्रीचा दरबारी हे राग प्रत्यक्ष ऐकण्याची संधी श्रोत्यांच्या एका पिढीला जवळजवळ मिळालीच नाही. दिवसभराची सत्रे चालविणाऱ्या ग्रामीण उत्सवांनी, स्वतःला न कळत, ही प्रहरांची शिस्त सांभाळली आहे. त्याचप्रमाणे येथे नवोदितांना जागा मिळते. पण याबाबत एक तक्रार नोंदवावीशी वाटते, की कित्येक तरुण गायक अर्ध्या तासात सारे कौशल्य दाखविण्याच्या घाईने विलंबित ख्यालाला फाटा देऊन थेट तानांवर येतात. समाधीपुढे तरी ही घाई नसावी. ज्या गजाननबुवांच्या नावाने ते हात जोडतात, त्यांनी असे गाणे पहिल्या आवर्तनातच थांबविले असते.

तिकिटाच्या गाण्याने गवई जगला आणि हजेरीच्या गाण्याने गाणे जगले, असा निवाडा कोणी केल्यास तो मला पुरता मान्य नाही; विष्णु दिगंबरांनी गवयाला पोट व मान दिला नसता, तर अंतुबुवांच्या मुलाचे शिष्य आज जगभर गात फिरले नसते. दोन्ही गुरुबंधूंचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागेल.

पलूस-कुंडलच्या वाचकांनी एकदा तरी दिवाळीच्या तोंडावर किर्लोस्करवाडीच्या स्थानकावर पुण्याकडील गाडी धरावी, रहिमतपुरास उतरून मोटारीने औंधास जावे आणि सकाळच्या सत्रापासून बसावे. प्रवेशास तिकीट नाही.