करडईचं फूल चादरीवर उमटलं, पण रंग करडईचा नाही!

लोहा : आज थोडा वेगळा विषय घेतो. फवारणी नाही, खत नाही. आजचा विषय आहे चादर, उशीचे अभ्रे आणि पडदे यांच्यावर छापायच्या फुलांच्या नक्षीचा. कृषी खात्याचा माणूस पडद्याच्या गप्पा कशाला मारतो, असं कुणी म्हणेल. पण या गोष्टीची सुरुवात करडईच्या रानातच झाली, आणि तीही माझ्या एका चुकीनं.

दोन वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका गावात महिला बचत गटाच्या बैठकीत मी सांगून बसलो, "करडईच्या पाकळ्यांपासून रंग निघतो. तेल तर मिळतंच, फुलाचाही पैसा होईल." सांगितलं ते खोटं नव्हतं. कुसुंबी रंग म्हणतात तो याच फुलाचा. बायकांनी मनावर घेतलं. दाणे भरून पाकळ्या लालसर सुकल्या की त्या काढायच्या, म्हणजे उताऱ्याला धक्का लागत नाही. भल्या पहाटे, दव असताना काढायच्या, म्हणजे काटे जरा मऊ असतात. सगळं सांगितल्याप्रमाणे झालं. पाकळ्या सावलीत वाळवल्या. गार पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन पिवळा रंग काढून टाकला. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवून, वर लिंबू पिळून लाल रंग उतरवला. डझनभर अभ्रे असे सुरेख गुलाबी निघाले की बघत राहावं.

आठ दिवसांनी मी गेलो तर अभ्रे दोरीवर, आणि बायका गप्प. एका मावशीनं बोट दाखवलं, "साहेब, बघा की. उन्हानं उडला, साबणानं गेला. धुतलं की रंग जायलाय. हाताला काटे मात्र आमच्या राहिले." माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

उत्तर दिलं ते त्या मावशीच्या लेकीनं. पोरगी परभणीला कापड आणि नक्षीचं शिक्षण घेते, सुट्टीला गावी आली होती. नाव छापू नका म्हणाली, म्हणून देत नाही. कृषी विद्यापीठ म्हटलं की आपल्याला बियाणं आठवतं. पण १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या त्या विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालयही आहे, जुनी माणसं त्याला गृहविज्ञान कॉलेज म्हणतात. तिथं कापड, रंगाई आणि घरसजावटीच्या वस्त्रांचा अभ्यास होतो. ती म्हणाली, "सर, फुलाची चूक नाही. कुसुंबीचा लाल रंग मुळातच कच्चा. सणाला एकदा नेसायच्या वस्त्राला चालतो, रोज धुवायच्या अभ्र्याला नाही. फूल रंगासाठी घेऊ नका, नक्षीसाठी घ्या."

पक्क्या रंगाची किंमत

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. आपल्या आज्या छापील सुती कापडाला चीट म्हणायच्या. इंग्रजीतला 'चिंट्झ' हा शब्द आपल्याच देशातल्या या शब्दावरून गेला. मच्छलीपट्टण आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून वेलबुट्टीचं हे कापड जहाजानं युरोपात जायचं. तिथल्या लोकांनी त्याचे पडदे केले, पलंगपोस केले. कापड नुसतं देखणं होतं म्हणून नव्हे, तर धुतलं तरी रंग जात नव्हता म्हणून. तिथल्या कारागिरांना ती विद्या ठाऊक नव्हती. त्यांच्या लोकर आणि रेशीम विणकरांचा धंदा बुडू लागला, तेव्हा फ्रान्सनं १६८६ मध्ये बंदी घातली, ती १७५९ पर्यंत चालली. इंग्लंडनं १७२१ साली कायदा करून छापील सुती कापड अंगावर घालायला आणि घरात बिछान्या-पडद्याला वापरायलाही मनाई केली. तो कायदा १७७४ मध्ये उठला.

म्हणजे नक्षीनं गिऱ्हाईक जवळ येतं, पण टिकतं ते पक्क्या रंगानं. आमच्या डझनभर अभ्र्यांत हीच उणीव होती.

लोखंड, गूळ आणि चिंचोका

पक्का रंग कसा होतो? सुती धाग्याला बरेचसे झाडपाल्याचे रंग आपणहून धरत नाहीत. मध्ये धरणारं काहीतरी लागतं. तुरटी आणि लोखंड ही त्यातली दोन मुख्य. कापड आधी साबण-सोड्यात उकळून खळ काढायची. मग हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, एक किलो कोरड्या कापडाला साधारण २०० ग्रॅम हिरडापूड. वाळवल्यावर कापड पिवळसर दिसतं.

काळ्या रंगासाठी गंजलेल्या लोखंडाचे तुकडे, गूळ आणि पाणी मडक्यात घालून पंधराएक दिवस ठेवायचं. ते आंबतं. गाळून घेतलेल्या पाण्यात चिंचोक्याच्या पिठाची खळ मिसळली की छपाईजोगी लापशी होते. हिरडा दिलेल्या कापडावर तिचा ठसा मारला की जागच्या जागी काळा उठतो. लाल हवा असेल तर तुरटीची खळ करून ठसा मारायचा, वाळवून धुवायचं आणि आल म्हणजे बारतोंडीच्या मुळीत किंवा मंजिष्ठेत कापड उकळायचं. जिथं तुरटी, तिथं लाल पक्का होतो. डाळिंबाच्या सालीचा पिवळाही तुरटीवर चांगला बसतो.

मोडकी कुळवाची पास, गूळ, चिंचोके, हिरडा, बारतोंडी. यातली कुठली वस्तू आपल्याला अनोळखी आहे? गावाचं नावच लोहा, इथं गंजकं लोखंड कमी पडणार नाही!

दोन सूचना. ही भांडी स्वयंपाकाला पुन्हा वापरू नयेत. आणि उरलेलं पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ सोडू नये.

नक्षीची पेरणी

आता नक्षी. पोरीनं पुस्तकातला गुलाब घेतला नाही. करडईचं बोंड घेतलं, त्याच्या काटेरी पानांसकट. शेजारी कापसाचं फूल घेतलं, जे पहिल्या दिवशी पिवळट आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी दिसतं. बांधावर बसून तिनं वहीभर चित्रं काढली. आई म्हणायची, "रोज बघतो तेच काय काढायलीस?"

पण मोठमोठ्यांनी हेच केलं आहे. इंग्लंडात विल्यम मॉरिस नावाचा कारागीर होऊन गेला. त्याच्या बागेतल्या स्ट्रॉबेऱ्या पाखरं चोरून खायची. त्यानं १८८३ साली त्याच चोरट्या पाखरांची वेलबुट्टी काढून सुती कापडावर निळीत छापली. ते कापड आजही पडद्या-सोफ्याला घेतात. आपण पाखरं राखायला गोफण घेतो, त्यानं पेन्सिल घेतली.

एक फूल काढलं म्हणजे नक्षी झाली नाही. तो ठसा पुन्हा पुन्हा बसला पाहिजे आणि जोड दिसता कामा नये. तिनं मला समजावलं ते आपल्याच भाषेत. फुलीवर सरकी लावतो तशी ठशांची सरळ रांग हा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात पुढची ओळ अर्ध्या अंतरानं सरकवायची. दुसऱ्यात डोळा अडकत नाही, कापड भरल्यासारखं दिसतं.

हिशोबही शेतीसारखाच. चादर ६० इंच बाय ९० इंच, ठसा ६ इंचाचा. आडवे १०, उभे १५, म्हणजे १५० ठसे. दोन रंग असतील तर ३००. मिनिटाला दोन ठसे धरले तरी अडीच तास नुसते ठसे मारायला, धुणं-उकळणं वेगळं. ही मजुरी किमतीत धरली नाही तर बायकांचे हात फुकट गेले. ठसा ७ इंचाचा केला तर ६० इंचांत नीट बसतच नाही, कडेला फूल अर्धवट कापलं जातं. म्हणून आधी माप, मग चित्र.

घाई नको

आपल्या भागात कापडाची परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. राष्ट्रध्वजाची खादी उदगीरला तयार होते आणि ध्वज नांदेडला बनतो. नांदेड-४४ हा कापसाचा वाण नांदेडच्याच संशोधन केंद्रातला. तरीही आपण कापूस कच्चा विकतो आणि चादर बाजारातून विकत आणतो. मधला पैसा कुठं जातो, याचा विचार व्हावा.

पण माझ्यासारखी घाईही कुणी करू नये. विकण्याआधी तीन परीक्षा घ्या. छापलेल्या तुकड्याचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकून आठ-दहा दिवस उन्हात ठेवा. दुसरा तुकडा दहा वेळा धुवा. तिसऱ्यावर ओला पांढरा कपडा घासा. तिन्हींत पास होईल तोच माल. आणि पाकळ्यांसाठी म्हणून करडई लावायची असेल तर बिनकाट्याचा वाण घ्या, खरेदीदार आधी ठरवा. मला हे तेव्हाच सांगता आलं असतं.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींना विनंती. गटाला छपाईसाठी छप्पर असलेली एक खोली, लांब टेबल, पाण्याची सोय आणि रंगाच्या पाण्यासाठी घरांपासून व विहिरीपासून दूर खड्डा एवढं मिळालं तरी पुष्कळ आहे. कर्जासाठी उमेद अभियान आणि जिल्हा उद्योग केंद्र यांच्याकडे चौकशी करावी.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा त्याच दोरीवर नवे अभ्रे होते. काळी देठं, लाल बोंडं. पोरगी परभणीला परत गेली होती, ठसे आईजवळ ठेवून. मावशी म्हणाल्या, "दहा धुणी झाली साहेब, हललं नाही. पण माळेगावच्या यात्रेत न्यायचं का नाही ते लेक येऊन ठरवंल. तुमच्यावर नाही सोडलं आता!"

मी मुकाट्यानं चहा घेतला.