संग्रहालयात मुंबई आहे, पण आपली चाळ कुठे आहे?

भायखळ्याच्या राणीच्या बागेत आपण मुलांना घेऊन जातो ते पेंग्विन आणि वाघ दाखवायला. त्याच आवारातील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे मात्र आपली पावले क्वचितच वळतात. मुंबईतील हे सर्वांत जुने संग्रहालय. या इमारतीत ते १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तेव्हा त्याला राणी व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचे नाव होते. १९७५ मध्ये ते बदलून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले गेले. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या भाऊ दाजींनी अजिंठ्याच्या शिलालेखांचाही अभ्यास केला होता.

या संग्रहालयात जुन्या मुंबईचे नकाशे आहेत, जहाजांच्या प्रतिकृती आहेत आणि मुंबईकरांच्या मातीच्या छोट्या मूर्तीही आहेत. या मूर्ती जात, धर्म, पेहराव आणि व्यवसायानुसार घडवलेल्या आहेत. त्या बघताना एक गोष्ट लक्षात येते. इथे माणूस 'नमुना' म्हणून उभा आहे. त्याला स्वतःचे नाव नाही, खोली नाही, म्हणणेही नाही. काय जपायचे हे त्या काळी साहेबांनी आणि शहरातील धनिकांनी ठरवले.

आता वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बीडीडी चाळींकडे बघा. १९२० च्या दशकात त्या बांधल्या गेल्या. १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत गिरणी कामगारांची कुटुंबे वाढली. इथेच भीमजयंतीच्या मिरवणुका निघाल्या, शाहिरांचे जलसे रंगले, पँथरच्या सभा झाल्या. जानेवारी १९७४ ची वरळीची दंगल याच चाळींनी सोसली. हा शहराचा सांस्कृतिक इतिहास नाही तर काय आहे?

आज या चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. वरळीत पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. मोठे घर हा रहिवाशांचा हक्कच आहे. त्याबद्दल दुमत नाही. पण घर बदलताना जुनी ट्रंक आवरली जाते आणि मंडळाचे हिशेबाचे वहीखाते, जयंतीची पत्रिका, मोर्चातला फोटो रद्दीत जातो. दस्तऐवज असा नाहीसा होतो.

म्हणून काही साध्या गोष्टी आजच करता येतील. जुन्या फोटोमागे पेन्सिलीने माणसांची नावे, साल आणि चाळीचा क्रमांक लिहा. कागद लॅमिनेट करू नका. तो पुन्हा सुटा करता येत नाही. मोबाइलवर त्याची प्रत मात्र काढून ठेवा. आजी-आजोबांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. विशेषतः बायकांचे, कारण त्यांच्या आठवणी मंडळाच्या वहीत कधीच आल्या नाहीत.

संग्रहालयांकडेही मागणी केली पाहिजे. वस्तीचा इतिहास मांडायचा असेल तर वस्तीतल्या माणसांना बोलवा आणि वस्तूखाली त्यांची नावे लिहा. मात्र मागणी करायला हातात पुरावा लागतो. तो आज आपल्याच माळ्यावर आहे. माळा रिकामा करण्याआधी एकदा नीट बघा.