अनिता मुई : जत्रेच्या मंचापासून ‘हाँगकाँगची कन्या’ होईपर्यंत

हाँगकाँगच्या ‘अ‍ॅव्हेन्यू ऑफ स्टार्स’ या समुद्रकाठच्या पदपथावर 2014 मध्ये एका गायिकेचा कांस्य पुतळा उभारण्यात आला. ही गायिका म्हणजे अनिता मुई. निधनानंतर दोन दशके उलटूनही हाँगकाँगवासी तिला ‘हाँगकाँगची कन्या’ म्हणून ओळखतात.

तिचे महत्त्व समजण्यासाठी कँटोनीज गाण्याचा इतिहास पाहावा लागतो. 1970 च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत हाँगकाँगमध्ये प्रतिष्ठा होती ती इंग्रजी आणि मँडरिन गाण्यांना. बहुसंख्यांची बोली असूनही कँटोनीज गीतांना दुय्यम लेखले जाई. सॅम हुईसारखे गायक आणि दूरचित्रवाणी मालिकांची शीर्षकगीते यांनी हे चित्र पालटले. या प्रकाराला ‘कँटोपॉप’ असे नाव पडले. कँटोनीज ही स्वरभेदी भाषा असल्याने उच्चाराचा स्वर बदलला की शब्दाचा अर्थही बदलतो. त्यामुळे बहुधा आधी चाल निश्चित होते आणि चालीच्या चढउतारांत बसणारे शब्द गीतकार नंतर शोधतो. अनेक चाली जपानी गाण्यांवरून घेतल्या गेल्या. शब्द मात्र हाँगकाँगचे राहिले.

अनिता मुईचा जन्म 10 ऑक्टोबर 1963 चा. वडिलांचे छत्र बालपणीच हरपल्याने कुटुंबाच्या उदरनिर्वाहासाठी ती पाच वर्षांची होण्याच्या सुमारासच गाऊ लागली. लाय ची कोक येथील मनोरंजन उद्यानापासून रात्रीच्या क्लबांपर्यंत मिळेल त्या मंचावर तिने गायन केले. शाळा अर्धवट सुटली. 1982 मध्ये नवोदित गायकांच्या पहिल्या ‘न्यू टॅलेंट’ स्पर्धेत तिने अव्वल स्थान पटकावले, तेव्हा ती वयाने नवोदित असली तरी मंचावर मुरलेली होती.

तिचा आवाज खर्जाकडे झुकणारा, भारदस्त होता. नाजूक, गोड गळ्याच्या गायिकांच्या काळात तो वेगळा ठरला. पुरुषी वेशापासून राजेशाही पेहरावापर्यंत प्रत्येक कार्यक्रमात ती नव्या रूपात अवतरे. 1985 ते 1989 अशी सलग पाच वर्षे तिने सर्वोत्कृष्ट गायिकेचा प्रमुख पुरस्कार मिळवला आणि त्यानंतर नव्या गायकांना वाव मिळावा म्हणून स्पर्धात्मक पुरस्कार स्वीकारणे थांबवले.

चित्रपटांतही तिने स्वतंत्र ठसा उमटवला. स्टॅन्ले क्वान दिग्दर्शित ‘रूज’मध्ये तिने प्रियकराच्या शोधात अर्धशतकानंतर परतणाऱ्या गणिकेच्या प्रेतात्म्याची भूमिका साकारली. या भूमिकेने तिला तैवानचा ‘गोल्डन हॉर्स’ आणि हाँगकाँग चित्रपट पुरस्कार हे दोन्ही सन्मान मिळवून दिले. जॅकी चॅनसोबतच्या ‘ड्रंकन मास्टर 2’मध्ये तिचे विनोदी अंगही प्रेक्षकांना दिसले.

सार्वजनिक प्रश्नांवर ती मौन बाळगून राहिली नाही. मे 1989 मध्ये चीनमधील लोकशाहीवादी विद्यार्थ्यांच्या समर्थनार्थ झालेल्या हॅपी व्हॅलीतील संगीत सभेत ती सहभागी झाली. 2003 मध्ये सार्सच्या साथीने हाँगकाँगमध्ये 299 बळी घेतले. त्या वेळी कलावंतांच्या संघटनेची प्रमुख या नात्याने तिने पुढाकार घेऊन मदतनिधीसाठी भव्य कार्यक्रम घडवून आणला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिने आपल्याला गर्भाशयमुखाचा कर्करोग असल्याचे जाहीर केले. तिची थोरली बहीण, गायिका अ‍ॅन मुई, हिचा 2000 मध्ये याच आजाराने मृत्यू झाला होता. तरीही नोव्हेंबरमध्ये हाँगकाँग कोलिझियममध्ये अनिताने आठ कार्यक्रम सादर केले. अखेरच्या भागात ती शुभ्र वधूवेशात मंचावर आली. ती आयुष्यभर अविवाहित राहिली होती. आपले लग्न रंगमंचाशीच लागल्याचे तिने प्रेक्षकांना सुचवले.

30 डिसेंबर 2003 रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी तिचे निधन झाले. आजारपणामुळे तिला सोडावा लागलेला ‘हाउस ऑफ फ्लाइंग डॅगर्स’ हा चित्रपट दिग्दर्शक झांग यिमोऊ यांनी तिच्या स्मृतीस अर्पण केला. ज्या शहराच्या बोलीला गाण्यात मान मिळायला वेळ लागला, त्या शहराने त्याच बोलीत गाणाऱ्या एका श्रमजीवी मुलीला आपली कन्या मानले. अनिता मुईच्या कारकिर्दीचे मोल यातच सामावले आहे.