आजीचा पेपर

१७ मार्च २०२४. रविवार. खटाव तालुक्यातल्या एका गावची जिल्हा परिषद शाळा. अकरा वाजायला आलेत. एरवी रविवारी या व्हरांड्यात कुत्री निजलेली असतात. आज चपलांची रांग आहे, आणि एकही चप्पल लहान मापाची नाही. आत पेपर चालू आहे. 'उल्लास' या केंद्र सरकारच्या साक्षरता कार्यक्रमातली चाचणी, वय १५ पासून पुढे कितीही. वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. प्रत्येकात १७ पडले की पास. दहा ते पाच या वेळात सवडीनं यायचं आणि तीन तासांत पेपर लिहायचा. ही सवड ज्यानं कुणी ठेवली, त्याला गाव कळत असावं. ज्वारीची काढणी सुरू आहे आणि धारा काढल्याशिवाय इथून कुणी बाई हलत नाही.

मी व्हरांड्यात खिडकीशी उभी आहे. पण खिडकी माझ्या वाट्याला थोडीच येते, कारण गजांना नातवंडं लोंबकळतायत.

"आज्जे, मात्रा दे, मात्रा!"

"ए, कॉपी पुरवता काय रे? व्हा लांब!" गुरुजी बाहेर येऊन हात उगारतात. पोरं पांगतात आणि गुरुजी आत वळले की पुन्हा चिकटतात.

एक मुलगी मात्र हलत नाही. नववीत आहे. आत नऊवारी लुगड्यात भिंतीला टेकून बसलेली म्हातारी तिची पणजी, आणि ही तिची शिक्षिका; कार्यक्रमाच्या भाषेत 'स्वयंसेवक'. दिवाळीपासून रोज जेवणं झाल्यावर जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर शिकवणी चालली. ग-म-भ-न पासून सुरुवात केलीस का, विचारते तर मान हलवते. "नाही. आधी तिचं नाव, मग माझं, मग म्हशीचं." म्हशीचं नाव आजीला सगळ्यात आधी आलं म्हणे. "रात्री म्हणाली, समदं इसारलं. माझंच पोट दुखायला लागलं." मुलगी नखं खातेय.

आत बाकं आहेत, पण ती पहिलीच्या पोरांची. तीन-चार जणींनी बसून पाहिलं, गुडघे अडकले, तेव्हा सतरंजी अंथरली गेली. मधल्या रांगेत दोन जावा आहेत. दोघींत चष्मा एक. थोरली एक प्रश्न वाचते, चष्मा धाकटीकडे देते, आणि तो परत येईपर्यंत हात मांडीवर ठेवून गप्प बसते. गुरुजी जरा वेळ बघत राहतात. चष्म्याची देवाणघेवाण कॉपीत धरायची की नाही, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. मग ते फळ्याकडे वळतात.

भिंतीवर जोतीराव-सावित्रीबाईंची तसबीर आहे. ती सगळ्याच शाळांत असते, पण इथे ती घरातल्यांची वाटते. फुल्यांचं मूळ गाव कटगुण याच तालुक्यातलं, सावित्रीबाईंचं नायगाव याच जिल्ह्यातलं. सावित्रीबाईंनाही अक्षरं लग्नानंतरच भेटली. मुलींच्या शाळेची गोष्ट आपण दर ३ जानेवारीला भाषणात ऐकतो. याच जोडप्यानं १८५५ मध्ये पुण्यात दिवसभर राबणाऱ्या मोठ्या माणसांसाठी रात्रीची शाळा काढली होती, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

संख्याज्ञानाशी आल्यावर वर्गात कुजबूज सुरू होते. बोटांच्या पेरांवर अंगठे फिरू लागतात. या बायका दहा दिवसांच्या दुधाचा हिशेब तोंडी करतात आणि चुकत नाहीत. कागदावर हातचा घ्यायचा म्हटलं की अडतात. पेपर देऊन पहिली बाहेर आलेली चाळिशीतली बाई पायरीवर टेकते आणि सांगते, "पावतीवर फॅट किती लावलाय ते आता माझं मी बगते. आदी पोराला इचारावं लागायचं. पोरगं म्हनायचं, बरोबर हाय गं आये. न बगताच."

मोबाइलचंही तसंच. ओटीपी आला की फोन दुकानातल्या पोराच्या हातात द्यायचा. म्हणजे खात्याची किल्लीच त्याला द्यायची. आयुष्यभर शिकत राहा, असं शहरात जो तो सांगतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे नवी नोकरी, नवं सॉफ्टवेअर असतं. इथे प्रश्न नोकरीचा नाही. आपला कागद दुसऱ्याच्या हातात द्यावा लागू नये, इतकंच या बायकांना हवं आहे, आणि मला ते कुठल्याही पदवीपेक्षा मोठं वाटतं. २०११ च्या जनगणनेत राज्यातल्या सात वर्षांवरच्या बायकांपैकी ७५.८७ टक्के साक्षर होत्या. उरलेल्या २४ टक्क्यांतल्या १९ जणी या सतरंजीवर आहेत.

दीडच्या सुमाराला लुगड्यातली म्हातारी उठते. पणती धावत जाऊन हात धरते. वय ७८. "मला काय हे पयलंदा न्हाय," ती मला सांगते. "नवी नवरी हुते तवा देवळात शिकिवलं हुतं. कंदील लावून. समद्या गावानं शपत घेतली हुती."

ती ग्रामशिक्षण मोहीम. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यातून निघालेली, पुढे युनेस्कोनं गौरवलेली.

"मग?"

"मग काय! वाचायला काय हुतं घरात? चुलीपुढं बसून राख वाचू? गेली अक्षरं."

साठ वर्षांनी ती पुन्हा 'क' काढतेय, आणि मला या कार्यक्रमाचं कौतुक करावं की नाही, कळेनासं होतं. 'उल्लास'च्या कागदावर पाच घटक आहेत. पहिला पायाभूत साक्षरता, शेवटचा निरंतर शिक्षण. या गावात आज पहिला तेवढा पोचलाय. ग्रामपंचायतीशेजारी वाचनालयाची पाटी आहे, दाराला कुलूप आहे. रविवार म्हणून का, असं मी गुरुजींना विचारते. ते हसतात. "बाकीच्या दिवशीही तेच."

म्हातारी पेपर हातातून सोडत नाहीये.

"गुर्जी, ह्यो घरी न्हिऊ का?"

"कशाला, आजी?"

"वाचाया."

गुरुजी क्षणभर गप्प होतात. मग सांगतात की उत्तरं यातच लिहिलेली आहेत, त्यामुळे तो जमा करावा लागतो. आजी पेपर सरळ करते, कडा नीट जुळवते आणि त्यांच्या हाती देते.